शब्दाखालच्या दोन रेघा

१

माझ्या लिखाणात दुसऱ्या कोणी रेघ मारली की माझं डोकं फिरतं. हे आजचं नाही. बावीस वर्षं मी एका छापखान्यात मुद्रितं तपासली. रेघ मारायची ती मी आणि ऐकून घ्यायचं ते लेखकानं, अशी सवय लागलेली. त्यामुळे त्या मंगळवारी स्वतःचाच लेख संगणकावर वाचताना 'गादी' या शब्दाखाली दोन हिरव्या रेघा दिसल्या, तेव्हा आधी मला वाटलं, शुद्धलेखन चुकलं की काय! गादी. दोन्ही अक्षरं दीर्घ. कुठं चुकलंय?

बाण त्या शब्दावर नेला तर टुपकन एक चौकट उघडली. तिच्यात एक बाई पांढऱ्या गादीवर आडवी पडून सगळे दात दाखवत होती.

मी तडक नणंदेला फोन लावला. "बारके, माझ्या लेखात ही कोण बया येऊन झोपलीय?"

बारकी म्हणजे यांची धाकटी बहीण. चाळिशीला टेकली तरी घरात बारकीच. संगणकाचं काम करते आणि माझी साइट तिनंच उभी केलेली.

"वहिनी, जाहिरात आहे ती. तूच हो म्हणालीस ना? साइटचा खर्च निघतो त्यातून. लेखातले शब्द बघून यंत्र आपलं आपण जाहिरात लावतं."

"मी हो म्हटलं ते कडेला कुठं तरी लावतील म्हणून. माझ्या वाक्याच्या मधोमध दुकान थाटायला नाही!"

"अगं, बाण नेला नाही तर दिसत पण नाही ती. सोडून दे की."

सोडून देणं मला कधी जमलेलं नाही. पण बारकीनं साइटसाठी रविवार घालवलेले होते, म्हणून मी राग गिळून फोन ठेवला.

२

साइटवर माझं एकच सदर होतं, 'आमचे हे'. आमचे हे लिफ्टचे मेकॅनिक. दिवसभर कुठल्या ना कुठल्या इमारतीत अडकलेली माणसं सोडवायची आणि संध्याकाळी घरी येऊन त्यांचे किस्से सांगायचे. मी ते लिहायची. लोकांना आवडायचं ते यांचं बोलणं, कारण मी ते जसंच्या तसं उतरवायची, अडखळण्यासकट. बारा वर्षं लग्नाला झाली तेव्हा सुरू केलं आणि पुढं नऊ वर्षं एक मंगळवार चुकवला नाही.

गादीनंतरच्या मंगळवारी रेघा आल्या 'जरा'खाली.

आता 'जरा' हा यांचा शब्द. जरा चहा टाक. जरा ऐक. लिफ्टमध्ये कोंडलेल्या बाईला, "जरा धीर धरा, काकू, मी आलोय." आणि त्यातला ज यांच्या तोंडून इतका ठसक्यात यायचा, की मी लग्नानंतर पहिले सहा महिने नकला केल्या. जगातला ज नाही, जाळ्यातला. त्या लेखात तो शब्द नऊ वेळा होता. नऊही ठिकाणी दोन-दोन रेघा, आणि नऊही वेळा यांच्याच अवतरणचिन्हांत. मी माझ्या वाक्यात एकदा 'जरा' लिहिला होता, तो मात्र सुटलेला.

'जरा' विकत घेऊन कोण काय विकणार? मी बाण नेला. चौकट उघडली. आत चित्र नव्हतं. पांढरी चौकट आणि बारीक अक्षरांत एक ओळ: हा शब्द घेतलेला आहे.

संध्याकाळी हे आले. बूट काढले, हत्यारांची पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि म्हणाले, "चहा टाक."

मी वळून बघितलं. "काय म्हणालात?"

"चहा टाक म्हणालो."

"हुकूम सोडताय? मी काय पगारी आहे का तुमची?"

यांना मी का चिडले ते खरंच कळलेलं नव्हतं. मग काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. "म्हणजे... थोडा चहा टाक."

"थोडा कशाला? कपभर घ्या," मी म्हटलं, आणि टाकला. दमून आलेलं माणूस, बोलतं एखादं वेळी तुटक. त्याचा लेखाशी संबंध जोडायला मी काही खुळी नाही, असं मी स्वतःला बजावलं. तरी रात्रीच्या जेवणापर्यंत मी कान देऊन होते. भाजी वाढ. दिवा लाव. सरक. एकाही वाक्यात तो शब्द आला नाही.

३

त्यानंतर रेघांनी मंगळवारची वाट बघणं सोडलं. जुन्या लेखांतही त्या उगवायला लागल्या. एका सकाळी 'अगं'. दुसऱ्या सकाळी 'बरं'. त्यानंतर 'असू दे'. सगळीकडे यांच्याच तोंडचे, आणि प्रत्येकावर तीच पांढरी चौकट.

घरात आवाज किती असतात ते एकेक बंद पडल्यावर कळतं. न्हाणीघरातून "अगं, टॉवेल" अशी हाक यायची. ती बंद झाली. आता दारावर आतून टकटक व्हायची, दोनदा. मी स्वयंपाकघरात असले की हे मागे येऊन उभे राहायचे, आणि मी आपणहून वळेपर्यंत उभेच. एकदा मी वीस मिनिटं भांडी घासत होते. वळले तर हे दोन हातांवर, माझ्या मानेकडे बघत.

"हाक मारायला काय होतं?" मी ओरडलेच.

यांचे ओठ हलले. गळ्यातली घाटी वर-खाली झाली. "मारतो की," हे म्हणाले. मारली मात्र नाही.

आणि 'असू दे' गेला तेव्हा तर आमचं भांडण मिटायचंच थांबलं. मी तापट आहे, मला माहीत आहे. मी बोलून बोलून दमायची आणि शेवटी हे म्हणायचे, "बरं, असू दे," की माझा पारा खाली. एकवीस वर्षं आमचा संसार त्या दोन शब्दांवर चाललेला, हे मला तेव्हा कळलं. त्या बुधवारी दूध उतू गेलं. मी स्वतःवरच चिडले, मग यांच्यावर, मग गवळ्यावर. हे शेगडीवरून ओघळणाऱ्या दुधाकडे बघत उभे होते. यांना काहीतरी म्हणायचं होतं. कपाळावर घाम आला. शेवटी हे बाहेरच्या खोलीत जाऊन बसले आणि मी एकटीच बडबडत राहिले.

डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी चित्रं दाखवली, यांनी सगळ्यांची नावं धडाधड सांगितली. उलटे आकडे म्हणून दाखवले. "ठणठणीत आहेत," डॉक्टर म्हणाले.

"त्यांना 'जरा' म्हणायला सांगा," मी म्हटलं.

डॉक्टर हसले. "म्हणा बघू, जरा."

यांनी तोंड उघडलं. जीभ दातांमागं टेकलेली मला दिसली. अगदी बरोबर ठिकाणी. आवाज आला नाही.

"बाई, नवऱ्याची परीक्षा किती घ्याल?" डॉक्टर म्हणाले. बाहेर आल्यावर रस्त्यात यांनी माझा हात धरला. यांचा हात गार पडला होता.

४

आता मात्र माझी खात्री पटली. कशाची ते सांगता आलं नसतं, पण पटली. बारकीला बोलावलं आणि म्हटलं, "सगळं काढून टाक. एकूण एक लेख."

"वहिनी, नऊ वर्षांचं लिखाण आहे!"

"माझं आहे ना? काढ."

तिनं आधी समजूत घातली. मग दादाशी पाच मिनिटं बोलून आली, आणि आल्यावर खुर्ची ओढून बसली. "दादानं मला बारके म्हटलं नाही," एवढंच म्हणाली. दुपारपर्यंत साइटवर कोरं पान उरलं.

संध्याकाळी हे आले. मी दारातच उभी होते.

"चहा टाक," हे म्हणाले.

५

दुसऱ्या दिवशी मी त्या जाहिरातवाल्यांच्या ऑफिसात जाऊन थडकले. बारकीनं पत्ता काढून दिला होता. काचेची इमारत, सहावा मजला, दारावर पाटी नाही. आत करड्या गालिच्यावर पावलांचा आवाज येत नव्हता. एका टेबलामागं इस्त्रीच्या शर्टातला माणूस होता. त्यानं मला खुर्ची दिली, पाणी दिलं. गोड बोलणाऱ्या माणसाचा मला आधीपासून राग.

"माझ्या नवऱ्याचे शब्द परत द्या," मी म्हटलं.

"बाई, आम्ही कशाला हातही लावत नाही. शब्द तुमच्या लेखात जिथल्या तिथं होता की नाही?"

"लेखात होता! घरात नाही!"

"घरातलं आम्ही कसं सांगणार?" त्यानं माझ्यापुढं करार सरकवला. खाली माझंच नाव, माझीच टिचकी.

"कोणी घेतलेत?"

"ग्राहकाची माहिती देता येत नाही."

"लेख मी काढून टाकलेत. आता जाहिरात कुठं दाखवणार?"

"पान काढलं तुम्ही. शब्द घेतलेले आहेत," तो म्हणाला. उद्धटपणा नव्हता त्यात. रेल्वेच्या खिडकीवर गाडी गेली म्हणून सांगतात तसं सांगितलं.

मी उठले. लाज वाटत नाही का, दुसऱ्याच्या तोंडातला घास काढतात तसे शब्द काढता, असं बरंच काही बोलले. तो ऐकून घेत होता. बोलता बोलता मी दम घ्यायला थांबले, आणि तेव्हा मला ऐकू आलं.

मागच्या बाजूला लांब बोळ होता आणि दोन्हीकडे बंद दारं. त्यातल्या कुठल्या तरी दारामागून कोणीतरी म्हणत होतं, "जरा." जगातला ज. थोडं थांबून परत, "जरा." तोच चुकीचा ज. मग आणखी कोणाची तरी कुजबुज. आणि मग, "जरा." जाळ्यातला. ठसक्यात. आमच्या यांचा.

मी बोळात घुसले. तो माणूस "बाई, बाई" करत मागून आला. तिसऱ्या दाराची काच दुधी होती. पलीकडे कोणीतरी भिंतीकडे तोंड करून उभं होतं. उंची यांच्याएवढी. खांदा यांच्यासारखा डावीकडे उतरलेला, पण दुधी काचेतून कोणाचाही खांदा तसा दिसेल. मी दार बडवलं. "कोण आहे रे तिकडं? बाहेर निघ!"

आवाज थांबला. आकृती हळूहळू वळायला लागली. चेहरा काचेकडे आला तेव्हा त्यात फक्त तोंडाची जागा काळी होती, उघडी. तेवढ्यात त्या माणसानं माझा दंड धरला.

"चला, तुम्हाला लिफ्टपर्यंत सोडतो," तो म्हणाला.

मी लिफ्टनं गेले नाही. सहा मजले जिन्यानं उतरले आणि खाली येऊन फुटपाथवर बसले. दुधी काच, दुपारचं ऊन, दोन दिवसांची झोप नाही. कारणं मी एकापाठोपाठ एक मांडली. सगळी पटण्यासारखी होती आणि एकही पटलं नाही.

६

त्या शुक्रवारी यांना बाहेरगावच्या एका इमारतीत नवी लिफ्ट बसवायला जायचं होतं. तीन दिवसांचं काम. दुपारी चारला कंपनीची गाडी खाली येणार होती. मी म्हटलं, जाऊ नका. हे म्हणाले, "काम आहे." यांचं बोलणं आता तारेच्या मजकुराइतकं झालं होतं. पण बॅग भरताना यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. माणूस तेच होतं. शपथेवर सांगते, तसूभरही बदललेलं नव्हतं. फक्त ते माझ्यापर्यंत पोचायच्या वाटा कोणीतरी एकेक करून बुजवत होतं, आणि त्या वाटा मीच बोट ठेवून दाखवल्या होत्या.

साइट बंद असल्यामुळे रेघा आता दिसत नव्हत्या. पुढचा कुठला, ते कळायला मार्ग नव्हता.

चार वाजता हे बूट घालून दारात उभे राहिले. बॅग खांद्यावर. मी चौकटीला टेकून वाट बघत होते. घराबाहेर पडताना माणूस काय म्हणतं? पोरालासुद्धा शिकवावं लागत नाही. हे भाजी आणायला खाली गेले तरी म्हणायचे.

यांनी तोंड उघडलं. मी बघत होते. जीभ वर गेली, ओठ ताणले गेले. काही नाही. परत एकदा. काही नाही. यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बोला ना," मी म्हटलं.

"जातो," हे म्हणाले.

"असं म्हणतात का? असं म्हणतात का दारातून निघताना?" मी यांच्या शर्टाला धरलं. "नीट म्हणा. मी म्हणते, माझ्यामागून म्हणा. येतो. म्हणा, येतो."

खाली गाडीचा हॉर्न वाजला. यांनी माझी बोटं सोडवली, एकेक करून, हळू. "जातो," परत म्हणाले, आणि लिफ्टचं जाळीचं दार ओढलं. लिफ्ट खाली जातानाची घरघर मी चौथ्या मजल्यावरून पूर्ण ऐकली. मग घराचं दार लावलं आणि कडी घातली. मला भयंकर संताप आला होता. कोणाच्या बापाचा शब्द आहे तो? कोणाची हिंमत झाली?

७

"येतो."

जिन्यातून आवाज आला. खालून कुठून तरी, दुसऱ्या मजल्यावरून असेल. आवाज यांचा.

मला हसूच फुटलं. जमलं एकदाचं! खाली गेल्यावर जमलं, म्हणून बिचारे परत वर येताहेत. मी दाराकडे निघाले.

"येतो गं," आवाज म्हणाला. तिसरा मजला. बुटांचा आवाज, एकेक पायरी.

लिफ्टचा मेकॅनिक जिन्यानं कशाला येईल?

मी उलटी फिरले आणि खिडकीकडे धावले. खाली कंपनीची गाडी उभी होती. हे मागचं दार उघडून बॅग आत ठेवत होते. उजेडात स्पष्ट दिसत होते. निळा शर्ट, मी धरून चुरगळलेला. मी फोन लावला. यांनी खिशातून काढला, कानाला लावला आणि वर बघितलं. मला बघून हात केला.

"अहो," मी म्हटलं, "तुम्ही खालीच आहात ना?"

"हो."

दारापाशी पावलं थांबली.

"अगं," दाराबाहेरून हे म्हणाले, "जरा दार उघड बघू."

प्रत्येक शब्द आपापल्या जागी. जाळ्यातला ज. 'अगं'मधला तो लांबवलेला सूर. तीन आठवडे मी ज्यासाठी कान लावून बसले होते, ते सगळं एका वाक्यात. फोनमधून खाली यांनाही ते ऐकू गेलं. मी बघत होते. यांचा चेहरा पांढरा पडला.

"दार," हे फोनवर म्हणाले, "दार उघडू..."

पुढचा शब्द आला नाही. यांनी गाडीवर मूठ आपटली. "उघडू... उघडू..." मला कळलं काय म्हणायचंय ते. बावीस वर्षं मी गाळलेले शब्दच भरत आलेय. मी फोनमध्ये म्हटलं, "कळलं मला. नाही उघडत."

आणि दाराकडे तोंड करून मी जी सुरुवात केली! चोरा, मेल्या, दुसऱ्याच्या नवऱ्याच्या तोंडातलं उचलतोस आणि वर माझ्याच उंबऱ्यात येऊन मला ऐकवतोस? तुला कोणी आवाज दिला? तुला बोलायला कोणी शिकवलं, त्याला घेऊन ये! बोलत बोलत मी दारापर्यंत गेले. दारावर थापा मारल्या. घसा बसेपर्यंत बोलले. बाहेर तो शांतपणे ऐकत होता. मध्ये एकदाही बोलला नाही. हेही बोलायचे नाहीत मध्ये.

मी थांबले. दारापलीकडे कपड्यांची सळसळ झाली. तो पायरीवर बसला असावा.

"नको उघडूस," तो म्हणाला. "बरं, असू दे."

इतक्या मायेनं म्हणाला! माझे खांदे आपोआप खाली आले. डोक्यातली ठसठस थांबली. कितीतरी दिवसांनी माझा राग उतरत होता, आणि तो उतरू नये म्हणून मी काय काय आठवून बघितलं. दुधी काच आठवली, ते काळं तोंड आठवलं. तरी उतरतच गेला. कपाळ दाराला टेकलं तेव्हा लाकूड कोमट लागलं.

फोनवर हे धापा टाकत म्हणत होते, "उघडू... उघडू... उघडू..." माझा हात कडीवर होता.